रंगारी येण्याआधी

पुणे, १२ जून

प्रिय शुभा,

गणपतीआधी वाड्याची दारं-खिडक्या घासून रंगवणार म्हणालीस. घर खुलेलच. पण रंगारी यायच्या आत हे वाच, मग मला घाबरट म्हण हवं तर.

ईराचं तुला मी अर्धंच सांगितलं होतं. दोन वर्षांची असताना ती खिडकीच्या चौकटीवरच्या रंगाच्या खपल्या खायची. सासूबाई म्हणाल्या, जंत असतील. जंताचं औषध झालं, माझं रागावून झालं. पोरगी हसती-खेळती होती गं, फक्त फिकुटलेली. हिमोग्लोबिन कमी निघालं, तेव्हा डॉक्टरांनी रक्तातलं शिसंही तपासायला सांगितलं, तेही शिरेतून रक्त घेऊन, कारण बोटाच्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगतो. डेसिलिटरला १८ मायक्रोग्रॅम आले. जागतिक आरोग्य संघटना ५ पासूनच म्हणते, शिसं येतंय कुठून ते शोधा. सुरक्षित असा आकडाच नाही.

मला वाटलं, आता औषध देतील. नाही दिलं. शिसं बाहेर काढणारं औषध ४५ च्या पुढे. तोवर ते घरात येणं थांबवायचं, हाच उपचार. आणि ते आणलं होतं आम्हीच! आदल्या दिवाळीत शिसं असलेल्या जुन्या रंगाच्या चौकटी कोरड्या पॉलिश पेपरने घासून घेतल्या, ही शेजारच्या खोलीत खेळत होती. धूळ फरशीवर, हात फरशीवर, बोटं तोंडात. गिळलेल्या शिशापैकी जवळजवळ निम्मं लहान मुलं शोषून घेतात, आपण मोठे त्या मानाने थोडंच. अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त.

घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. तुमच्या दारांवरचे थर तुझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचे! जिथे रंग घट्ट आहे तिथे घासूच देऊ नकोस, वरून नवा हात मारू दे. सुटलेला असेल तिथे पाणी मारून ओलं घासायचं, जाळ मारून काढायचा नाही, खाली प्लास्टिक. नंतर केरसुणी नको, ओलं फडकं. आणि हो, तुझा ओम्या मारुतीला हात लावून बोटं चाटतो ना? पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. हात धुवायला लाव. फार पिवळीजर्द सुटी हळदही घेऊ नकोस, तिच्यातही शिशाच्या रंगाची भेसळ सापडलेली आहे.

ईराला लोहाचं औषध, नाचणी, पालेभाजी, वर लिंबू असं चालू ठेवलं. उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून थोडं थोडं सतत खायला. तीन महिन्यांनी १३, वर्षाने ७. हाडांत साठलेलं हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून घाईने उतरत नाही. अजून दर सहा महिन्यांनी तपासतो, आणि दर वेळी अहवाल उघडताना माझे हात गार पडतात.

रंगारी कोणत्या दिवशी येतोय ते कळव. तेवढे दिवस ओम्याला इकडेच पाठव. ईराने त्याच्यासाठी भातुकलीतली कढई आत्ताच वेगळी काढून ठेवली आहे.

तुझी,
अपर्णा