पाय तेवढेच, अंथरूण बँकेनं आखडलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात सिबिल (कर्ज देताना बँक बघते तो आपला क्रेडिट स्कोअर) हा शब्द वाचायला मिळतो तो बहुतेक वेळा पीककर्जाच्या बातमीत. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकर्सच्या बैठकीत शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका असं बजावलं तेव्हाही तेच, आणि ते योग्यच होतं. पण महिन्याच्या महिन्याला सगळं बिल भरणाऱ्या पगारदार माणसाचा स्कोअरसुद्धा त्याची काही चूक नसताना खाली येऊ शकतो, याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल पण आकडे तेवढे राहू द्या.

मी नाशिकला खासगी शाळेत शिकवते. २०१६ पासून माझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे (बँकेचं नाव लिहीत नाही), लिमिट होतं १ लाख ८० हजार. किराणा, पेट्रोल, मुलाच्या क्लासची फी, सासूबाईंची औषधं, लाइटबिल असं सगळं मिळून महिन्याला ४५ हजारांच्या आसपास कार्डावर जातं आणि बिल आलं की पूर्ण रक्कम ऑटो डेबिटने जाते, मिनिमम ड्यूच्या (थोडीच रक्कम भरून बाकी पुढे ढकलायच्या) भानगडीत मी आजवर पडलेली नाही, एक दिवस उशीर नाही की एक रुपया व्याज नाही.

फेब्रुवारीत बँकेचा एक मेसेज आला, इंग्रजीत, ऑफरच्या ढीगभर मेसेजमध्ये कुठेतरी, की तुमचं लिमिट आता ५० हजार. माझ्या तो नजरेतच आला नाही. एप्रिलमध्ये फ्लॅटसाठी दुसऱ्या बँकेत होम लोनची फाइल टाकली तेव्हा तिथल्या साहेबांनी माझा सिबिल रिपोर्ट उघडला आणि विचारलं, "मॅडम, कार्ड ९० टक्के वापरलेलं दिसतंय, घरात पैशांची ओढाताण चाललीय का?" शेजारच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघायला लागली. डिसेंबरमध्ये मी काढलेल्या रिपोर्टवर स्कोअर ७८४ होता, आता ७२९.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कळलं. ४५ हजार खर्च आणि लिमिट १ लाख ८० हजार म्हणजे वापर २५ टक्के. तोच ४५ हजार खर्च आणि लिमिट ५० हजार म्हणजे वापर ९० टक्के. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय आणि मी ते पाळलंय, पाय होते तेवढेच आहेत, अंथरूण बँकेनं आखडलं आणि रिपोर्ट मात्र सांगतोय की हिचे पाय लांब झाले.

सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्याकडे ही माहिती ठेवतात आणि ३०० ते ९०० मध्ये स्कोअर देतात. नेमकं गणित कुणी उघड करत नाही, पण वेळेवर भरणा आणि लिमिटपैकी किती वापरलं या दोन गोष्टींना त्यात मोठं वजन आहे एवढं त्या स्वतःच सांगतात. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं बँकवाले सांगतात, तो काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, अंदाज म्हणून ठीक आहे. आणि बँक या कंपन्यांना कळवते ती त्या त्या तारखेची बाकी, तुम्ही ती चार दिवसांनी पूर्ण भरणार आहात हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती निदान पंधरवड्याला एकदा पाठवायचा नियम लागू झाला. म्हणजे पूर्ण बिल भरणारी मी आणि बाकी थकवून महिन्याला साडेतीन टक्के व्याज भरणारा दुसरा कुणी, त्या एका दिवशी वापराच्या रकान्यात दोघे सारखेच दिसतो.

आता मला खरं काय खटकलं ते सांगते. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे नियम आहेत, त्यात लिमिट वाढवायचं असेल तर ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायलाच पाहिजे असं म्हटलंय. फार चांगला नियम आहे, कारण न मागता लिमिट वाढवून लोकांना खर्चात पाडणं आपण सगळ्यांनी बघितलंय. पण लिमिट कमी करायचं असेल तर? तर फक्त कळवायचं. संमती नको. म्हणून एक मेसेज टाकला की बँकेचं काम संपलं. नियम करणाऱ्यांनी असा विचार केला असणार की लिमिट कमी झाल्याने ग्राहकाचं काय बिघडतं, उलट खर्चाला आळा बसेल. पण स्कोअरवर कर्जाचा दर ठरायला लागल्यापासून बिघडतं, आणि रुपयांत बिघडतं. ३० लाखांचं लोन २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २५,०९३ रुपये येतो, स्कोअर कमी म्हणून पाव टक्का जास्त लावला तर २५,५६२. महिन्याला ४६९ रुपये, २० वर्षांत १ लाख १२ हजारांच्या वर. आमच्या घरात एवढ्या पैशांत मुलाची कॉलेजची दोन वर्षं निघतील.

बँकांचीही बाजू असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या उधारीवरचं रिस्क वेट बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केलं, म्हणजे या उधारीमागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, त्यामुळे ती हात आखडणार हे समजू शकतं. फक्त आधी सांगा ना. ३० दिवस आधी, मराठीत, कारणासकट सांगा, म्हणजे माणूस खर्च दुसरीकडे वळवेल किंवा बिल बनायच्या आत पैसे भरून टाकेल.

कुणी म्हणेल तक्रार करायची. चुकीची माहिती ३० दिवसांत दुरुस्त केली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते हे मलाही माहितीये, पण माझ्या रिपोर्टमधली माहिती चुकीची कुठेय? लिमिट ५० हजार हे खरं, बाकी ४५ हजार हेही खरं. दोन्ही खरं असून त्यातून माझ्याबद्दल जे चित्र उभं राहतं ते खोटं आहे, आणि यासाठी तक्रारीचा रकानाच नाही. रिपोर्टमध्ये लिमिट बँकेनं कमी केलं अशी एक ओळ जरी आली तरी लोन देणारा माणूस तसा प्रश्न विचारणार नाही.

आणखी एक, कारण आमच्याच घरात घडलं. माझ्या दिरांकडे दोन कार्डं होती, एक १ लाखाचं आणि एक दीड लाखाचं, दीड लाखाचं नुसतंच पडून असायचं. उगाच कर्जाचं लचांड नको म्हणून मामंजींनी ते बंद करायला लावलं, कात्रीने कापून टाकलं. हेतू चांगलाच होता, मामंजींनी आयुष्यभर कुणाचे पाच रुपये बाकी ठेवले नाहीत. पण भावजींचा खर्च ६० हजार, तो अडीच लाखांवर २४ टक्के होता तो एका रात्रीत १ लाखावर ६० टक्के झाला. वार्षिक फी नसलेलं जुनं कार्ड बंद करण्याआधी एवढा हिशोब नक्की करा. मात्र हातात लिमिट असलं की खर्च आवरत नाही असं ज्यांना स्वतःबद्दल माहितीये त्यांनी बंदच करावं, थकलेल्या बाकीवरचं व्याज स्कोअरपेक्षा कितीतरी महागात पडतं.

ज्यांचं असं झालंय त्यांनी घाबरू नये. उशिरा भरलेला हप्ता रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांपर्यंत दिसत राहतो, वापराचं तसं नसतं, पुढच्या वेळी बाकी कमी कळवली गेली की आकडा परत सावरायला लागतो. मी आता बिल बनायच्या तीन दिवस आधीच ४० हजार भरून टाकते. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून तशी सोय आहे, लोनची फाइल टाकण्याच्या दोन-तीन महिने आधी तो काढून लिमिटचा रकाना बघा, मी तो बघितला असता तर त्या खुर्चीत मान खाली घालून बसावं लागलं नसतं.

बँकेला मी लेखी विचारलं की लिमिट का कमी केलं. उत्तर आलं, अंतर्गत धोरणानुसार. दहा वर्षांच्या वेळेवर भरलेल्या बिलांबद्दल त्यात एक शब्द नाही. होम लोनची फाइल मी सध्या थांबवलीये, जूनचा रिपोर्ट आला की परत टाकणार आहे. तोवर तुमच्या अर्थविषयक पानाच्या वार्ताहरांनी दोन-चार बँकांना एवढंच विचारावं की लिमिट वाढवायला आमची संमती लागते तर कमी करायला निदान महिन्याची आगाऊ सूचना का नाही.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक