मलिक अंबरच्या कबरीवर आमच्या पोरांची कवंदी : मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आम्ही कर्नाटकातल्या हल्याळ आणि यल्लापूर तालुक्यांतले सिद्दी. घरात कोकणी, शाळेत कानडी आणि बाजारात मराठी बोलतो. आमचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांना गुलाम करून गोव्यात आणलं आणि त्यांतले पुष्कळजण घाट चढून इथल्या रानात पळून आले. आमच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. तरी हिरियारूंना, म्हणजे वाडवडिलांना, सगळेच मानतात.

गेल्या वर्षी आमच्या पाड्यावरची सातवीतली एक मुलगी शाळेतून आली आणि खोबरेल तेलाची अर्धी बाटली डोक्यावर ओतून केस ओढत बसली. वर्गातल्या पोरांनी तिच्या केसांना आणि रंगाला नावं ठेवली होती. "तू कुठल्या देशातली?" असं विचारलं होतं. तिला उत्तर देता आलं नाही, कारण आम्हीच ते तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. ही चूक आमची आहे आणि ती आम्हाला दुरुस्त करायची आहे.

मलिक अंबरला जाऊन यंदा ४०० वर्षं झाली. इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा पोरगा गुलाम म्हणून विकला गेला, या हातातून त्या हातात विकला जात दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहरासाठी जमिनीखालून नहर नेली, शेतजमिनीची मोजणी करून सारा ठरवला. 1624 ला अहिल्यानगरजवळच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाने आठवणी लिहिताना त्याला काळ्या रंगावरून शिव्या घातल्या. त्याचं मुंडकं भाल्यावर खोचलंय आणि बादशहा त्यावर बाण मारतोय, असं चित्रही काढवून घेतलं. प्रत्यक्षात मात्र अंबर 1626 पर्यंत मोगलांशी झुंजत राहिला आणि म्हातारपणी आपल्या मरणाने गेला. शाळेत चिडवलेल्या लेकराला यातलं प्रत्येक वाक्य ठाऊक असायला हवं.

म्हणून दिवाळीच्या सुटीत आमची 40 मुलं-मुली खुलताबादला त्याच्या कबरीवर न्यायची ठरवली आहेत. वाटेत भातवडीही दाखवायची.

आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. तिथल्या लोकांची परवानगी घेऊन मुलं कबरीवर आपल्या हातची कवंदी घालणार आहेत. कवंदी म्हणजे तुमची गोधडी, पण तिची शिवण वेगळी. आमच्या आज्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेने गोल फिरत, तुकड्याला तुकडा जोडत मध्यावर येतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणायचं. फुलं नसलेली कवंदी आमच्याकडे नागडी समजतात. जूनपासून दर रविवारी आज्या मुलांना शिकवायला बसतील. शेजारी दमाम, म्हणजे आमचा ढोल, वाजेल, फुगडी होईल.

त्याच रविवारी आजच्या माणसांच्याही गोष्टी सांगू. गुजरातेत गीरजवळच्या जांबूरच्या हिराबाई लोबींनी रेडिओवरून शेतीची माहिती मिळवली, सिद्दी बायकांना जमवून सेंद्रिय खताचा धंदा उभा केला आणि 2023 ला पद्मश्री मिळवली. आमच्याच भागातले शांताराम सिद्दी 2020 मध्ये कर्नाटक विधानपरिषदेवर गेले. मुलांना हे चेहरे घरचे वाटतात.

आता मागणं. बसचं भाडं आणि वाटेतलं जेवण हा मोठा खर्च आहे. आमच्या मंडळाकडे आहे ती वर्गणी त्याला पुरत नाही. जमेल ती रक्कम द्या, पन्नास रुपयेही चालतील. पावती मिळेल, आणि परतल्यावर सगळा हिशेब पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचला जाईल. बेळगाव, कोल्हापूर, अहिल्यानगर किंवा संभाजीनगरच्या कुणी एका रात्रीची शाळा, मंगल कार्यालय किंवा एका वेळचा भात-आमटी दिली, तर ते पैशांहून मोलाचं आहे. इतिहास शिकवणारे कुणी खुलताबादला दिवसभर मुलांबरोबर फिरले, तर फारच बरं.

आणि कापड द्या. आईचं जुनं लुगडं, आजोबांचं धोतर, विटलेला परकर, काहीही. फक्त सुती असावं, नायलॉनमध्ये आज्यांची सुई सरकत नाही. रंग गेला असेल तरी चालेल. धुऊन, घडी घालून मे अखेरपर्यंत पोचवा. कापड कुणाचं होतं हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, शिवताना मुलांना नाव सांगता येईल.