कबान्याचे 52,000 रुपये आणि न तपासता दिलेली उत्तरे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, सहल कंपनीचे मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक : 9 जून 2025

विषय : एप्रिलच्या अमेरिका-बहामाज सहलीत विकलेल्या कबान्याबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

स. न. वि. वि.

एप्रिल 2025 मध्ये आपल्या सहलीत आम्ही घरचे सहा जण होतो. मी, माझे यजमान, 78 वर्षांच्या सासूबाई, मुलगी, जावई आणि चार वर्षांचा नातू. सहलीच्या बाकी दिवसांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हॉटेले स्वच्छ होती, जेवणाची आबाळ झाली नाही, आणि वॉशिंग्टनमध्ये सासूबाईंची गोळ्यांची पिशवी बसमध्ये राहिली तेव्हा आपल्या टूर मॅनेजरनी रात्री साडेदहाला जाऊन ती आणून दिली. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. तक्रार आहे ती मायामीहून निघालेल्या क्रूझच्या तिसऱ्या दिवसाबद्दल, बहामाजमधल्या त्या खासगी बेटावर आम्हाला विकलेल्या कबान्याबद्दल, म्हणजे किनाऱ्यावर दिवसभरासाठी भाड्याने मिळणाऱ्या, समोरून उघड्या छोट्या खोलीबद्दल.

मुळात आम्हाला कबाना हवाच होता असे नाही. किनाऱ्यावर आरामखुर्च्या फुकट असतात आणि मोठी छत्री तिथे भाड्याने मिळते, एवढे आम्हाला ठाऊक होते. पण सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांना खाली बसता येत नाही, भुसभुशीत वाळूत तोल राहत नाही आणि उन्हाने चक्कर येते. नातू दुपारी झोपल्याशिवाय राहत नाही. दिवसभर सावली, टेकायला नीट जागा आणि कमीत कमी चालणे या तीनच गोष्टींसाठी आम्ही कबान्याचा विचार केला. मौजेसाठी 52,000 रुपये खर्च करणारे आम्ही लोक नव्हे. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि ही सहल आम्ही चार वर्षे पैसे साठवून केली.

म्हणूनच पैसे भरण्याआधी, 3 मार्च रोजी, मी आपल्या प्रतिनिधीला व्हॉट्सअॅपवर चार प्रश्न लिहून विचारले होते. धक्क्यापासून कबाना किती लांब आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते का? कबान्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे? प्रत्यक्षात किती तास मिळतील? आणि आमचा कबाना पहिल्या रांगेत असेल का? उत्तर आले ते असे : ‘मॅडम, अगदी समुद्राला लागून आहे, गाडी दारापर्यंत सोडते, सकाळी 8 ते संध्याकाळी 5 पूर्ण दिवस तुमचाच. आजींसाठी बेस्ट. दिशेची काळजी करू नका, सावली असतेच.’ या उत्तरावर विसंबून आम्ही त्याच संध्याकाळी पैसे पाठवले. संपूर्ण संभाषणाचे छायाचित्र या पत्रासोबत जोडले आहे.

आता प्रत्यक्षात काय घडले ते सांगते.

बेटाभोवतीचे पाणी उथळ असल्याने मोठे जहाज लांब उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या सकाळी लाटा होत्या, बोटी हळू चालत होत्या. त्याबद्दल मी कुणालाही दोष देत नाही, समुद्र कुणाच्या हातात नसतो. पण कबाना घेतलेल्यांना बोटीत आधी सोडण्याची वेगळी चिठ्ठी मिळते, हे आम्हाला तिथे रांगेत शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंकडून कळले. आमचे आरक्षण आपल्या गटाच्या नावावर असल्याने ती चिठ्ठी आमच्यापर्यंत आलीच नाही. साडेसातपासून आम्ही गटाच्या क्रमांकाची वाट पाहत बसलो होतो आणि बोटीत पाय ठेवला तो 11 वाजून 10 मिनिटांनी.

बेटावरची गाडी कबान्यांच्या दारापर्यंत जात नाही. ती एका फाट्यावर थांबते. तिथून पुढे वाळू, आणि वाळूवर फळ्यांची वाटसुद्धा नाही. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने सांगितल्यापासून सासूबाई चालताना पावले मोजतात, ती सवय त्यांना लागून गेली आहे. एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने जावयांचा दंड धरून त्या निघाल्या. दर वीस-पंचवीस पावलांवर थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा पाऊल उचलायचे. पाऊल वाळूत रुतले की गुडघा आतल्या बाजूला वळायचा आणि त्यांच्या बोटांची पकड माझ्या खांद्यावर घट्ट व्हायची. कबान्याच्या पायरीशी पोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘चारशे बारा.’ आम्हाला तेवढ्या अंतराला बावीस मिनिटे लागली होती.

परत येताना धक्क्याजवळ मी पाहिले, जाड फुग्यासारख्या टायरची, वाळूत चालणारी व्हीलचेअर एका वृद्ध गृहस्थांसाठी आणली होती. चौकशी केली तेव्हा कळले की ती मोफत असते, जो आधी मागेल त्याला मिळते, आणि तिच्याबद्दल क्रूझच्या माहितीत लिहिलेले असते. आपल्या टूर मॅनेजरना ती ठाऊक नव्हती. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी कुणी ते माहितीपान उघडून पाहिले असते, तर ती चारशे बारा पावले सासूबाईंना चालावी लागली नसती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागून राहिलेली गोष्ट हीच आहे.

कबाना दुसऱ्या रांगेत होता. पुढे दुसरा कबाना आणि त्याच्या बाजूला पेयांचे दुकान. ‘समुद्राला लागून’ म्हटलेला समुद्र दोन भिंतींच्या मधल्या फटीतून दिसत होता. तेही मी सोडून दिले असते, कारण आम्ही सावलीसाठी पैसे भरले होते, देखाव्यासाठी नव्हे. पण सावलीही मिळाली नाही.

कबान्याचे तोंड नैऋत्येला होते. आपल्या प्रतिनिधीने ज्या दिशेची ‘काळजी करू नका’ म्हटले, ती हीच. एप्रिलमध्ये तिथल्या घड्याळानुसार सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, कारण घड्याळे उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली असतात. म्हणजे नैऋत्येला उघड्या असलेल्या खोलीत सकाळभर सावली, आणि माणसे जेवून आडवी होतात नेमक्या त्या वेळेपासून ऊन आत शिरायला लागते. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते, त्यामुळे चांगल्या सावलीची सकाळ आम्ही जहाजावर रांगेत घालवली होती. खोली जेमतेम आठ फूट खोल. सव्वादोन वाजता ऊन तीन फूट आत आले होते. समोरचा एक पडदा कड्यांवरून निघून गेलेला, दुसरा अर्धा फाटलेला, आणि छताचा पंखा बंद. नातवाला झोपवलेली आरामखुर्ची आम्ही तीन वेळा मागे सरकवली, शेवटी ती भिंतीला टेकली. पांढऱ्या वाळूवरून परतून येणारे ऊन वेगळेच. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के किरण परत फेकते असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे, आणि त्या खोलीत बसून ते अंगावर जाणवत होते. सासूबाईंचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी पाणीही नको म्हटले, तेव्हा मी घाबरले.

कबान्यांवर देखरेख करणारा तरुण मुलगा अतिशय भला होता. एकटा चौदा कबाने सांभाळत होता. त्याने दोनदा बर्फ आणून दिला आणि पंख्यासाठी कुणाला तरी फोन केला, पण दुरुस्त करायला कुणी आले नाही. त्याच्याविरुद्ध आपण कुठेही काही कळवू नये अशी माझी विनंती आहे.

अडीच वाजता आम्ही कबाना सोडला. त्याच्या मागे पन्नास-साठ पावलांवर झाडांची एक ओळ होती. सासूबाई तिकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘अगं, ही सुरूची झाडं आहेत. आमच्या दिवेआगरची सुरू.’ आणि खरोखर ती सुरूच होती, तीच लांब सुयांसारखी पाने आणि वाऱ्यात तोच घुमणारा आवाज. त्यांचे माहेर दिवेआगरचे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने तिकडच्या झाडांची दैना केली तेव्हा त्या दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. त्या झाडांखाली फुकटच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. खाली पडलेल्या पानांचा थर असल्याने जमीन घट्ट होती, पाय रुतत नव्हता. वारा होता. नातू तिथे पाऊण तास शांत झोपला आणि सासूबाईंना घोटभर नारळपाणी घ्यावेसे वाटले. सव्वातीनला आम्हाला परतीच्या बोटीसाठी निघावे लागले, कारण शेवटची बोट चारची होती. ती वेळ आदल्या रात्री खोलीत आलेल्या जहाजाच्या पत्रकात छापलेली होती. ‘5 पर्यंत’ कधीच नव्हते.

म्हणजे नऊ तास म्हणून विकलेल्या कबान्यात आम्ही दोन तास चाळीस मिनिटे बसलो.

आता पैशाबद्दल. जहाजावर किनारी सहलींच्या खिडकीवर दरपत्रक लावलेले होते. त्याच रांगेतल्या कबान्याचा दर 449 डॉलर होता. डॉलरला 86 रुपये धरले तर सुमारे 38,600 रुपये होतात. आपल्या पावतीवर ‘कबाना शुल्क 52,000’ एवढेच लिहिले आहे. सुमारे 13,400 रुपये आपण कशाचे घेतले याचा त्यात उल्लेख नाही. आपण सेवाशुल्क घ्यावे, त्याला माझी हरकत नाही. दुकान चालवायचे तर नफा लागतोच. पण ते वेगळे दाखवले असते तर मी एवढे विचारले असते की या 13,400 रुपयांत माझ्या चार प्रश्नांची उत्तरे तपासून मिळणार आहेत का.

आपल्याकडून मला दोन उत्तरे आली. 2 मेच्या उत्तरात कबाना ‘वापरला असल्याने’ परतावा देता येत नाही असे म्हटले आहे. 19 मेच्या उत्तरात ती सेवा क्रूझ कंपनीची असून आपला संबंध नाही असे लिहून पुढच्या सहलीसाठी 3,000 रुपयांची सवलत देऊ केली आहे. पहिल्याबद्दल माझे म्हणणे असे की चारशे बारा पावले चालून पोचलेल्या 78 वर्षांच्या बाईला परत फिरणे शक्य नव्हते, म्हणून ती तिथे बसली. दुसऱ्याबद्दल असे की मी क्रूझ कंपनीशी एक शब्दही बोललेले नाही. प्रश्न आपल्याला विचारले, उत्तरे आपण दिली, पैसे आपल्या खात्यात गेले आणि पावतीवर शिक्का आपला आहे. सवलत मी स्वीकारत नाही.

कबाना घेणे मुळातच चुकीचे, असे माझे म्हणणे नाही, आणि हे मी मुद्दाम लिहीत आहे. आमच्या पुढच्या रांगेतल्या कुटुंबाकडे चिठ्ठी होती, ते नऊ वाजता पोचले होते, त्यांच्या कबान्याचे तोंड पूर्वेकडे वळलेले होते, आणि त्यांच्या तान्ह्या बाळाला घेऊन ते दिवसभर आनंदात होते. त्यांचे पैसे वसूल झाले. सकाळी लवकर पोचता येत असेल, सोबत लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, दुपारची सावली पक्की असेल आणि दारापर्यंत नेण्याची सोय असेल तर सहा जणांत ती रक्कम जड नाही. यातली एखादी गोष्ट नसेल तर झाडाखालची खुर्ची बरी. पण हा हिशेब ग्राहकाने करायचा तर त्याला खरी माहिती हवी, आणि आम्ही ती मागितली होती.

माझी मागणी अशी. न दाखवलेले 13,400 रुपये पूर्ण आणि उरलेल्या 38,600 रुपयांपैकी निम्मे, म्हणजे 19,300, असे एकूण 32,700 रुपये हे पत्र मिळाल्यापासून 21 दिवसांत माझ्या खात्यात परत करावेत. पूर्ण रक्कम मी मागत नाही, कारण दोन-अडीच तास आम्ही ती जागा वापरली, जेवलो आणि बर्फ घेतला. शिवाय यापुढे कबाना विकताना रांग, तोंडाची दिशा, गाडीच्या थांब्यापासूनचे अंतर, बोटीची वेगळी चिठ्ठी कुणी आणून द्यायची ते आणि वाळूवरच्या व्हीलचेअरची सोय, एवढी माहिती ग्राहकाला आधी लेखी द्यावी.

21 दिवसांत उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. या कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे मी माहीत करून घेतले आहे. ती वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, कारण गोळ्यांची पिशवी आणून देणारे आपले टूर मॅनेजर मला अजून आठवतात.

एक शेवटची गोष्ट. माझ्या नणंदेचे कुटुंब आपल्याच डिसेंबरच्या सहलीला येणार आहे. सोबत तिचे सासरे आहेत, त्यांना पक्षाघातानंतर आधाराशिवाय चालता येत नाही. आपल्या प्रतिनिधीने त्यांनाही तोच कबाना ‘आजोबांसाठी बेस्ट’ म्हणून सुचवला आहे. वर लिहिलेली पाच उत्तरे आपल्याकडून लेखी आल्याशिवाय पैसे भरू नकोस, असे मी तिला काल कळवले आहे. ती वाट पाहत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एप्रिलच्या सहलीतील बुकिंगधारक, नाशिक

सोबत : 3 मार्चच्या संभाषणाचे छायाचित्र, पावतीची प्रत, जहाजावरील दरपत्रकाचा व फाटक्या पडद्याचा फोटो, आपली 2 मे व 19 मे ची उत्तरे.