कानशीने खाल्लेलं सोनं

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला संत एलिजियसवरचा लेख वाचला. सातव्या शतकातल्या फ्रँकांच्या राज्यातला (आजच्या फ्रान्समधला) सोनार-बिशप मराठी वाचकांपुढे आणलात, कौतुक आहे. पण ‘प्रामाणिक सोनार – हाच खरा चमत्कार!’ हे शीर्षक कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? मी सोनाराचा मुलगा, म्हणून झोंबलं, हे आधीच सांगून टाकतो.

राजा दुसऱ्या क्लोथारने एका सिंहासनापुरतं सोनं दिलं आणि एलिजियसने त्यात दोन घडवली. तुमचे लेखक म्हणतात, सोनं दुप्पट झालं. अहो, त्याच्या लॅटिन चरित्रात स्वच्छ लिहिलंय की बाकीचे कारागीर कानशीने खाल्लं, आगीने गिळलं म्हणून हात झटकतात, याने तसली सबब सांगितली नाही. मला तरी हा हिशोब वाटतो. नेमकं तेच वाक्य गाळून, घोड्याचा पाय काढून नाल ठोकल्याच्या कितीतरी नंतरच्या दंतकथेला अर्धा कॉलम!

आमचे वडील मांडीवर कातडं पसरून कानस चालवत. काम संपलं की त्यातला कीस कुंचल्याने गोळा करून, गुलाबी कागदाच्या पुडीत, दागिन्याबरोबर गिऱ्हाइकाला परत. (दुकानाचा केर वर्षाकाठी झारेकऱ्याला, म्हणजे केरातून सोन्याचे कण काढणाऱ्याला, विकायचे, हेही कबूल करतो. आमचे फटाके त्यातूनच यायचे.) एकदा पाटल्या दोन गुंजा कमी भरल्या म्हणून एक बाई भर पेठेत ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा’ ही म्हण ओरडत उभ्या राहिल्या. वडिलांनी बोटातल्या अंगठीचा तुकडा तोडून दिला. आठ दिवसांनी कळलं, त्यांनी जिथे वजन केलं त्या दुकानाचा तराजूच खोटा. बाई पुन्हा आमच्या गल्लीत दिसल्या नाहीत. अंगठी वडिलांनी कधी सांधली नाही.

बिशप तो 641 मध्ये झाला, न्वायोंचा. त्याआधी टांकसाळीतला माणूस. त्याच्या नावाची सोन्याची नाणी आजही आहेत. मिळालेल्या पैशातून तो गुलाम सोडवायचा, कधी वीस, कधी पन्नास. पैसे संपले की अंगावरचा कमरपट्टाही द्यायचा. लेखात यावर दीड ओळ!

आणि लेखासोबतचं ते चित्र. 1449 सालचं, चित्रकार पेट्रुस क्रिस्टुसचं. त्यातल्या सोनाराच्या डोक्यामागचं तेजोवलय नंतर कोणीतरी रंगवलेलं निघालं, म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते केव्हाच काढलं. चित्राचं नावही आता नुसतं ‘दुकानातला सोनार’ असं आहे. तुम्ही मात्र वलयासकट जुना फोटो छापलात.

खुलासा छापणार असाल, तर कृपया मुंगीच्या टायपात नको. मागच्या वेळचा मला नातवाकडून वाचून घ्यावा लागला होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा