टांझानियात पक्षातली चुरसही संपली

संपादक महोदय,

टांझानियासारखा शांत देश अचानक कसा पेटला, असा सूर ऑक्टोबर २०२५ मधल्या निवडणुकीच्या बातम्यांत होता. मला त्यात अचानक काही वाटले नाही.

२००८ ते २०१८ मी दार-ए-सलामच्या कारियाकू बाजारात कापडाच्या एका ठोक पेढीवर हिशेब बघायचो. हिरव्या-पिवळ्या खांग्यांची (तिथल्या बायका नेसतात ते जोडकापड) मागणी वाढली की निवडणूक जवळ आली समजायचे. हे 'चामा चा मापिन्दुझी' या सत्ताधारी पक्षाचे रंग. १९७७ साली स्थापन झाल्यापासून हा पक्ष एकदाही सत्तेबाहेर गेलेला नाही. त्याच्या म्विन्यी, म्कापा, किकवेते या अध्यक्षांनी मात्र दहा-दहा वर्षे झाल्यावर मुकाट्याने खुर्ची सोडली. त्यामुळे खरी चुरस असायची ती पक्षाच्या उमेदवारीसाठी.

जुलै २०१५ मध्ये ३८ जण इच्छुक होते. मध्यवर्ती समितीने पाच नावे ठेवली, कार्यकारिणीने तीन, आणि महाअधिवेशनाने एक, मागुफुली. माजी पंतप्रधान लोवासा पाचांतही नव्हते. आमचा रात्रीचा राखणदार रेडिओ कानाला लावून बसला होता. राजधानी डोडोमाच्या सभागृहात किकवेतेंसमोरच सदस्य गात होते, 'तुना इमानी ना लोवासा', आमचा लोवासांवर विश्वास आहे. इमानी म्हणजे आपले इमानच, मूळ अरबी शब्द एकच. राखणदार म्हणाला, "ऑक्टोबरात मी रांगेत उभा राहीनच, पण अध्यक्ष कोण ते याच आठवड्यात ठरतंय." लोवासा विरोधकांत गेले आणि त्यांना जवळजवळ ४० टक्के मते पडली. तिथल्या विरोधकांना तोवर एवढी मते कधीच मिळाली नव्हती. पुढे २०१९ मध्ये तेही स्वगृही परतले.

आज डावलले तरी दहा वर्षांनी पुन्हा संधी आहे, या आशेवर तिथले महत्त्वाकांक्षी नेते पक्षात टिकून राहायचे. अध्यक्ष मागुफुलींच्या निधनानंतर २०२१ मध्ये उपाध्यक्षा सामिया सुलुहू हसन घटनेप्रमाणे अध्यक्ष झाल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये डोडोमाच्या अधिवेशनात अर्ज नाहीत, छाननी नाही, थेट त्यांचेच नाव जाहीर झाले. माझ्या मते बिघडले ते इथे. नंतर विरोधी नेते टुंडू लिस्सू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले, त्यांचा चाडेमा पक्ष निवडणुकीतून बाद झाला आणि सामियांना जवळपास ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. अध्यक्षपदाच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायची सोय तिथल्या घटनेतच नाही. मग लोकांनी जायचे कुठे? ते रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या.

अशा देशांविषयी लिहिताना मतांच्या टक्केवारीबरोबर सत्ताधारी पक्षाने उमेदवार कसा ठरवला, तेही आवर्जून छापावे, ही विनंती.

दारमध्ये संचारबंदी होती, इंटरनेट बंद होते. राखणदाराला पाठवलेल्या निरोपांवर पाच दिवस एकच टिक दिसत होती. सहाव्या दिवशी त्याचे उत्तर आले: मुलगा घरी आहे.

– एक वाचक, डोंबिवली