जँगो शिकायला बसण्याआधी व्हर्जन बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

पेपरात, व्हॉट्सअपवर सगळीकडे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, वेबसाइट बनवायला शिका म्हणून येत असतंय, पण शिकायचं कुठून हे कोण नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

माझा धाकटा भाऊ दहावीपर्यंत मराठी मीडियमला होता, पीयूसीला एकदम इंग्लिश. खानापुरातनं रोज बसनं बेळगावला एका क्लासला जायचा, तिथं त्याला जँगोचे, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या तयार साधनाचे, व्हिडिओ दिले. पहिल्याच धड्यात युआरएल नावाचं फंक्शन, कंसात टोपीसारखी खूण, शेवटी डॉलर. पोरगं बघून बघून जसंच्या तसं टाइप करतंय आणि स्क्रीनवर परत परत तेच, इम्पोर्ट एरर, कॅनॉट इम्पोर्ट नेम युआरएल. तीन दिवस असंच चाललं, जेवताना सुद्धा गप्प, शेवटी मला म्हणाला ताई आपलं इंग्लिश कच्चं आहे, हे आपल्याला जमणार नाही.

चूक त्याची नव्हतीच की! ते फंक्शन डिसेंबर 2021 च्या जँगो 4.0 मधनं काढूनच टाकलंय, 2017 च्या 2.0 पासून त्याच्या जागी पाथ नावाचं फंक्शन आलं. पिप इन्स्टॉल ही कमांड देऊन जँगो उतरवलं की नवं व्हर्जन येतं आणि व्हिडिओ जुना, मग जुळणार कसं? पायथनचं पण तेच, प्रिंट कमांडला कंस नसलेलं पुस्तक दिसलं तर सरळ बाजूला ठेवा, ते पायथन 2 आहे आणि त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपलाय.

आम्ही मग जँगोच्या स्वतःच्या साइटवरचं ट्युटोरियल धरलं. फुकट आहे, व्हर्जन निवडता येतं, आणि त्यात मतदानाचं छोटं ॲप एकेक पायरीनं बनवून घेतात, प्रश्न, पर्याय, मत, मोजणी. रात्री मी इंग्लिश वाचायची आणि तो वहीत मराठीत लिहायचा. मायग्रेशनपुढं त्यानं लिहिलंय, "मॉडेल बदललं की डेटाबेसला कळवणे" (मॉडेल म्हणजे माहिती कशी साठवायची त्याचा आराखडा). हे वाक्य त्याला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. मात्र त्याआधी पायथनच्या साइटवरचं ट्युटोरियल निदान फंक्शन आणि क्लास ह्या धड्यांपर्यंत करा, नाहीतर जँगोत पोरं नुसतं कॉपी करत बसतात.

आणखी एक, हे जँगो जन्मलंच एका पेपरच्या ऑफिसात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्डच्या वेब टीमनं 2003 मध्ये बातम्यांच्या साइट पटपट बनवायला ते लिहिलं आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. मग आपल्या मराठी पेपरनं आठवड्याला अर्धा कॉलम तरी ह्याला द्यायला काय हरकत आहे? खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडच्या मराठी शाळांतली पोरं वाचतील हो. भावाची वही झेरॉक्स करून पाठवायला मी तयार आहे, तेवढं कळवा.

तुमची एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव