मीटर लावून आकडा दाखवा, मग म्हणा बोर्ड गेला

मा. संपादक, स.न.

गणपतीच्या तोंडावर आमचा एलईडी टीव्ही बिघडला. लाल लाईट लुकलुकायची, आतनं टक टक आवाज यायचा, धा वेळा स्विच चालू-बंद केला की मग कधीतरी लागायचा आणि एकदा लागला की रात्रीपर्यंत चालायचा. सर्व्हिसवाल्या पोरानं मागचं झाकण पण उघडलं नाही, बोर्ड गेलाय, ह्या मॉडेलचा आता मिळत नाही, नवीनच घ्या म्हणाला आणि बघायचे पैसे घेऊन गेला. बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला टीव्ही, भंगारात कसा घालायचा? रिक्षात घालून खानापुरात एका जुन्या मेकॅनिककाकांकडं नेला.

काकांनी पहिल्यांदा मला मागं सरकवलं. 230 व्होल्टचे आत गेल्यावर सव्वातीनशे डीसी होतात आणि प्लग काढला तरी मोठ्या कॅपॅसिटरात, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत, करंट राहतोय, तो त्यांनी बल्ब लावून उतरवला. मग दोन बारके कॅपॅसिटर दाखवले, 1000 मायक्रोफॅरड 16 व्होल्टचे, चांगल्याचं डोकं सपाट असतंय, ह्यांचं पुरीसारखं फुगलेलं. टीव्ही चालू करून 12 व्होल्टच्या लाईनला मीटर लावला तर काटा 8-9 मध्ये नाचत होता, स्टँडबायचे, म्हणजे टीव्ही बंद असताना लाल लाईटला लागणारे, 5 मात्र बरोबर, म्हणून तर लाल लाईट लागायची आणि टीव्ही लागायचा नाही. जागा होती म्हणून जास्त सोसणारे, 25 व्होल्टचे, 105 डिग्रीपर्यंत चालणारे घातले, पट्टीची बाजू मायनसला बघून. 12 पूर्ण आले बघा, पण चित्र काय येईना!

मेन बोर्डावर 1117 नंबरचा बारका रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट कमी करून ठराविक देणारा पार्ट, बोट ठेवू देत नव्हता इतका तापलेला, 5 आत जात होते आणि 3.3 यायचे तिथं 2.1 येत होते. काकांनी तो लगेच बदलला नाही, आधी काढून पुढच्या लाईनला शॉर्ट आहे काय बघितलं, शॉर्ट असता तर नवीन पण तापलाच असता. नव्हता, मग नवीन बसवला आणि चित्र आलं. हाताखालच्या पोराला कानडीत समजावत होते, मला मराठीत. तिन्ही पार्ट मिळून शंभराच्या आत, वर मजुरी साडेतीनशे.

2022 साली केंद्र सरकारनं राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, आमच्यासारख्याला त्याचा उपयोग कधी, तर दारात आलेला माणूस नीट तपासेल तेव्हा. माझं म्हणणं एवढंच आहे की सर्व्हिसवाल्यानं गिऱ्हाईकासमोर झाकण उघडावं, कुठल्या लाईनला किती व्होल्ट आले ते पावतीवर लिहावं आणि काढलेला पार्ट हातात द्यावा, त्याशिवाय बोर्ड गेला म्हणू नये. आणि तुम्ही बेळगावच्या पानावर अशा जुन्या मेकॅनिक लोकांची माहिती छापा, काकांच्या शेजारची दोन दुरुस्तीची दुकानं आता मोबाईल कव्हरची झालीत आणि त्यांच्याकडं शिकायला तो एकच पोरगा आहे.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव